साठीनंतर एकट्यानं अंदमान: विदर्भातून जहाजानं जायचं आणि बेटांवर पायी फिरायचं

नागपूर-अमरावतीहून अंदमानच्या सहली भरपूर निघतात. विमान, हॉटेल, गाडी, जेवण, सगळं बांधलेलं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल जावं. हा लेख दुसऱ्या माणसांसाठी आहे. वय साठ ते पंचाहत्तर, रोज वावरापर्यंत चालायची सवय, कशाची घाई नाही, सोबत कुणी नाही किंवा नकोच आहे, आणि समुद्र पाहायचा तर जहाजातूनच पाहायचा आहे.

हे जमतं. लोक समुद्राला घाबरतात, पण प्रवास फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी. दिवस मोजून आखलेले असतात, पिशवी जड असते आणि झोपायला वरचा बर्थ येतो. मोकळे दिवस, हलकं ओझं आणि खालचा बर्थ, या तिन्हींची सोय घरूनच करता येते.

१. महिना ठरवा, मग दिवस मोजा

बंगालच्या उपसागरात जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यानं समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथल्या चक्रीवादळांचा काळ. फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात सगळ्यात शांत. आपल्या शेतीलाही हेच सोयीचं: कापसाची शेवटची वेचणी झालेली, तूर घरात आलेली. ज्यांचा हरभरा-गहू उभा आहे त्यांनी तो काढून मार्चच्या मध्याला निघावं. निवृत्तांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच देऊन झालेला असतो, त्यामुळे तोही अडसर नाही.

दिवसांचा हिशेब असा धरा. नागपूरहून बंदराच्या शहरात जायला एक दिवस, तिथं मुक्काम दोन दिवस, जहाज तीन दिवस, बेटांवर आठ दिवस, परतीचं जहाज तीन दिवस, मुक्काम आणि रेल्वे दोन-तीन दिवस. झाले वीस. यात आणखी चार दिवस रिकामे ठेवा. जहाज हवामानामुळे किंवा डागडुजीमुळे एक-दोन दिवस सरकणं ही नेहमीची गोष्ट आहे. ज्यांना ठरलेल्या तारखेला लग्नाला किंवा कोर्टाच्या तारखेला परतायचंच आहे, त्यांनी जहाजानं जाऊ नये.

२. बंदर निवडा

अंदमानची प्रवासी जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून सुटतात. विशाखापट्टणमच्या फेऱ्या सगळ्यात कमी, त्यामुळे निवड बहुधा पहिल्या दोनमध्येच होते.

अकोला, अमरावती, गोंदियाकडच्यांना कोलकाता सोयीचं. गीतांजली एक्स्प्रेस अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया अशी थांबत हावड्याला जाते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना चेन्नई जवळ पडतं, कारण तमिळनाडू एक्स्प्रेस आणि जी.टी. एक्स्प्रेस नागपूर-बल्लारशाहवरूनच जातात. भाषेचा विचारही करा. कोलकात्यात हिंदीवर निभावतं. चेन्नईत रिक्षावाल्याशी हिंदी चालेलच असं नाही, तेव्हा बंदराचं नाव आणि मुक्कामाचा पत्ता इंग्रजीत कागदावर लिहून खिशात ठेवा.

समुद्राच्या दृष्टीनंही फरक आहे. चेन्नईहून निघालं की लगेच खुला समुद्र लागतो. कोलकात्याचं जहाज आधी कित्येक तास हुगळी नदीतून जातं, त्यामुळे पोटाला हळूहळू सवय होते. पण नदीत पाणी किती आहे ते भरती-ओहोटीवर ठरतं आणि गोदीच्या दारातून भरतीच्या वेळीच बाहेर पडता येतं. म्हणून तिथली सुटायची वेळ रात्री-अपरात्रीची असू शकते आणि ऐनवेळी बदलूही शकते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी कोलकाताच सुचवीन.

दोन्हीकडून प्रवास साधारण ६० ते ७० तासांचा, अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास.

३. तिकिटं: आधी जहाज, मग रेल्वे

इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून लोक आधी रेल्वे काढून ठेवतात. जहाजाचं वेळापत्रक त्या मानानं उशिरा लागतं आणि लागल्यावरही बदलतं. मग रेल्वे रद्द करा, पुन्हा काढा, पैसे कापून घ्या. क्रम उलटा ठेवा. जहाजाची तारीख पक्की झाली की त्याच्या दोन दिवस आधी पोचणारी गाडी काढा.

जहाजाची तिकिटं अंदमान प्रशासनाच्या नौवहन विभागाच्या संकेतस्थळावर आणि बंदराच्या शहरातल्या तिकीटखिडकीवर मिळतात. फॉर्म भरताना दोन ठिकाणी थांबून वाचा.

पहिलं म्हणजे बेटावरचे रहिवासी आणि बाहेरचे यांचं भाडं वेगवेगळं असतं. रहिवाशांचं कमी असतं. गावातल्या सेतूवाल्या पोरानं स्वस्त दिसलं म्हणून तो पर्याय दाबला, तर बंदरावर रहिवासी ओळखपत्र मागतात आणि तिथं काही चालत नाही.

दुसरं म्हणजे वर्ग. बंक, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि डिलक्स असे वर्ग असतात. बंक म्हणजे जहाजाच्या पोटातला मोठा हॉल, त्यात एकावर एक असे पलंग, शेकडो माणसं, खिडकी नाही. तरण्या पोरांना ते स्वस्तात मस्त आहे. साठीच्या पुढच्या एकट्या माणसानं सेकंड किंवा फर्स्ट क्लासची केबिन घ्यावी. चार-सहा जण असतात, दार लावता येतं, शेजाऱ्यांची ओळख होते आणि रात्री उठलात तर कुणाच्या तरी ध्यानात येतं. बर्थ नंबर मिळाला की खालचा आहे का ते विचारा. वरचा आला तर जहाजावर चढल्याबरोबर, सगळे पथारी पसरायच्या आत, बदलून मागा. तरणा माणूस सहसा नाही म्हणत नाही.

रेल्वेत एकट्या म्हाताऱ्या माणसाला एक फायदा आहे. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा पुरुषांना ६० वर्षांपासून आणि बायकांना ४५ वर्षांपासून मिळतो, पण तो तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा. कोटा निवडायच्या जागी तो मुद्दाम निवडावा लागतो, आपोआप लागत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. गावाहून नागपूर-बडनेऱ्यापर्यंत एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट. त्यासाठी आधार कार्ड वरच्या खिशात असू द्या.

४. डॉक्टरकडे निघायच्या सहा आठवडे आधी जा

आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, कारण गोळी बदलली तर ती अंगाला लागायला वेळ लागतो. बीपी, साखर, ईसीजी बघून घ्या. दाताची शंका असेल तर तीही आत्ताच मिटवा, भर समुद्रात दाढ ठणकली तर तीन दिवस लवंगेवर काढावे लागतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत निघू नका.

डॉक्टरला तीन प्रश्न विचारा.

जहाज लागलं तर, म्हणजे गरगरून उलट्या झाल्या तर, कुठली गोळी घेऊ? दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन यांपैकी कुठल्याही गोळीनं गुंगी येऊ शकते आणि म्हातारपणी गुंगीत माणूस पडतो. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूवाल्यांच्या डोळ्यावर ताण येऊ शकतो. जी गोळी ठरेल ती घरीच एकदा घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल.

उलट्या होत असताना साखरेची आणि बीपीची गोळी घ्यायची की नाही? याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून ते कागदावर लिहून मागा.

इन्सुलिन कसं ठेवू? वापरात काढलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या खाली चालतं, पण प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी, ती डबीवर असते. नागपूरच्या मार्चमधल्या उन्हात डब्याच्या खिडकीशी ठेवलेली बॅग ३० च्या कितीतरी वर जाते, तेव्हा ते पिशवीच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवा.

औषधं जितक्या दिवसांची लागतात त्याच्या दीडपट घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. गोळ्यांची यादी इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावासकट. नुसतं 'बीपीची पिवळी गोळी' असं सांगून तिथला डॉक्टर काही करू शकत नाही.

५. चालायचा आणि चढायचा सराव

वावरात दिवसभर वाकून काम करणारा माणूस म्हणतो, मला कशाला सराव पाहिजे. पण ते चालणं थांबत-थांबत असतं, पाठ मोकळी असते आणि पायऱ्या नसतात. इथं तिन्ही उलट आहे.

आठ आठवडे द्या. पहिले दोन आठवडे रोज दोन-तीन किलोमीटर, पाठीवर काही न घेता, पांदणीनं किंवा गावच्या रस्त्यानं. पुढचे दोन आठवडे पिशवीत दोन किलो ज्वारी घालून चार किलोमीटर. त्यानंतर ओझं पाच किलोपर्यंत, अंतर सहा-सात किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. एक दिवस पायऱ्यांसाठी ठेवा: टेकडीवरचं देऊळ असो की शाळेचा जिना, खांद्यावर पिशवी घेऊन दहा वेळा चढ-उतर. उतरताना गुडघा दुखत असेल तर काठी घ्या. जहाजाचे जिने उभे असतात, तिथं हे कामी येतं.

नवे बूट याच आठवड्यांत घाला, निघायच्या दिवशी नव्हे. चालून पाय सुजतात, म्हणून संध्याकाळी खरेदी करा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय आरशात बघायची सवय इथूनच लावावी.

६. कागदपत्रं

भारतीय नागरिकांना अंदमानच्या नेहमीच्या बेटांवर जायला परमिट लागत नाही. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्र वेगळं, तिकडे असं जाता येत नाही. जवळ ठेवा:

- मूळ आधार कार्ड, आणि दुसरं ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड. दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका.
- दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स. बेटांमधल्या बोटींच्या तिकिटालाही ओळखपत्र दाखवावं लागतं.
- जहाजाच्या तिकिटाच्या दोन छापील प्रती. मोबाइलची बॅटरी उतरली की स्क्रीनवरचं तिकीट काही कामाचं नाही.
- डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्यांची यादी, रक्तगट.
- ७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं मोफत उपचाराचं सरकारी कार्ड. योजनेतल्या रुग्णालयांत ते राज्याबाहेरही चालतं.
- घरच्या दोन माणसांचे नंबर मोठ्या अक्षरात, पाकिटात आणि पिशवीच्या आत.

तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. 'रामभाऊ' आणि 'रामचंद्र' ही गावात एकच व्यक्ती असते, बंदरावर दोन.

७. सामान: आठ किलोच्या आत

चाकांची बॅग घरी ठेवा. जहाजात चढायचा जिना तिरका, अरुंद आणि हलता असतो. दोन्ही हात कठड्याला हवेत, म्हणजे सामान पाठीवरच पाहिजे. घरच्या तराजूवर पिशवी तोला. आठ किलोच्या वर गेली तर कपडे काढा, औषधं नव्हे.

कपड्यांचे तीन जोड पुरतात, बेटांवर धुता येतात. सुती दुपट्टा, पातळ चादर, हवेची उशी. टाचेला पट्टा असलेली चप्पल, कारण मोकळी सपाता ओल्या लोखंडावरून सटकते. गळ्यात अडकवायची छोटी बॅटरी. स्टीलचा पेला आणि ताटली. पाण्याच्या दोन बाटल्या. ओआरएसची दहा पाकिटं. तीन-चार मीटर दोरी. साखळी-कुलूप. मोबाइलचा पॉवर बँक. औषधांसाठी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, कारण तिथल्या दमट हवेत गोळ्या पाणी सोडतात.

खाण्याचं म्हणाल तर जहाजावर कॅन्टीन असतं, पण पोट बिघडल्यावर भात-रस्सा नको वाटतो. त्या वेळी आपलं कोरडं खाणंच उतरतं: दशम्या, फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, जवसाची चटणी, आल्याची वडी. तेलकट चिवडा आणि लोणच्याची बरणी नेऊ नका. लोणचं हमखास सांडतं आणि केबिनभर वास पसरला की शेजारी तीन दिवस बोलत नाही.

पैसे तीन जागी वाटून ठेवा. पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे जहाज जिथं लागतं त्या अंदमानच्या मुख्य शहरात, एटीएम आहेत, यूपीआय चालतं. लहान बेटांवर नेटवर्क गेलं की रोखच लागते.

८. बंदरावर

सुटायच्या वेळेच्या कितीतरी तास आधी बोलावतात. तिकिटावर जी हजेरीची वेळ असते ती पाळा, सुटायची वेळ बघून जाऊ नका. रांग, सामान तपासणी, ओळखपत्र तपासणी, मग बंदराच्या आतून जहाजापर्यंत. या सगळ्यात उभं राहणं फार होतं. पाणी जवळ ठेवा आणि शेवटचं स्वच्छतागृह कुठं आहे ते आत जाण्याआधीच विचारून घ्या.

रांगेत घाई करून चढायची गरज नाही, बर्थ ठरलेला असतो. गर्दी ओसरू द्या. जिन्यावर दोन्ही हात कठड्याला, नजर पायाकडे. हमालाला पिशवी दिलीत तर औषधं आणि कागद असलेली लहान पिशवी गळ्यातच असू द्या.

९. जहाजावरचे तीन दिवस

चढल्यावर पहिल्या तासात पाच गोष्टी शोधा: आपला बर्थ, जवळचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, डॉक्टरची खोली आणि लाइफ जॅकेट. मग संकटात जमायची जागा कुठली ते कर्मचाऱ्याला विचारा आणि तिथपर्यंत एकदा चालून या. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा वाजला की जॅकेट घालून तिकडे जायचं. सरावासाठीही तो वाजवतात. ऐकायला कमी येत असेल तर शेजारच्या प्रवाशाला आधीच सांगून ठेवा.

जहाजावर म्हातारी माणसं समुद्रात पडत नाहीत, आतच पडतात. याची कारणं तीन.

पहिलं कारण उंबरठा. जहाजाच्या दारांना लोखंडी उंबरठे असतात, घोट्याच्याही वर येतील एवढे. पाणी एका खोलीतून दुसरीत जाऊ नये म्हणून ते केलेले असतात. रात्री झोपेत लघवीला उठलेला माणूस त्यालाच अडखळतो. पाय गुडघ्यापर्यंत उचलून टाका, उंबरठ्यावर पाय देऊ नका.

दुसरं म्हणजे दारं. जड असतात आणि जहाज एका बाजूला कललं की आपोआप धाडकन मिटतात. चौकटीला हात धरून उभं राहिलात की बोटं गेली. दाराची मूठच धरायची, चौकट कधीच नाही.

तिसरं म्हणजे जिने. उतरताना शिडी उतरतो तसं पायऱ्यांकडे तोंड करून उतरा. लाज वाटायचं काही कारण नाही, खलाशीही उभ्या जिन्यावर तसंच करतात. चालताना एक हात नेहमी कठड्यावर. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून जिना चढू नका, थर्मासमध्ये घ्या.

आता जहाज लागण्याबद्दल. कान सांगतो शरीर हलतंय, डोळ्याला समोरची भिंत स्थिर दिसते, या भांडणात पोट ढवळतं. म्हणून बंद केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट. डेकवर जा, जिथं आकाश आणि पाणी मिळतं त्या रेषेकडे बघत बसा. जहाजाचा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, पुढचं टोक सगळ्यात जास्त. उपाशी राहू नका, भरपेटही नको. दर दोन तासांनी मूठभर लाह्या किंवा अर्धी दशमी. गोळी घ्यायची असेल तर जहाज सुटायच्या तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उलटी झालीच तर ओआरएस घोट-घोट प्या. चोवीस तासांत पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी बंद झाली असेल किंवा भोवळ येत असेल तर डॉक्टरकडे जा, 'बसेल आपोआप' म्हणू नका. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून बरं वाटतं.

किनारा सुटल्यावर मोबाइलला रेंज नसते. ही साधी गोष्ट घरी सांगायची राहते आणि मग लेक-सून दोन दिवस हवालदिल. निघतानाच सांगा: अमुक दिवशी दुपारपासून फोन लागणार नाही, अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत मीच लावीन, एक दिवस उशीर झाला तरी घाबरू नका.

वेळेचं काय करायचं? काही नाही. सकाळी डेकवर फेऱ्या मारा, दुपारी झोपा. बरोबरचे पुष्कळ प्रवासी बेटांवरचेच असतात, कुणी दवाखान्याच्या कामानं आलेलं, कुणी शिक्षणाच्या. त्यांच्याशी बोला. स्वस्त खोली कुठं, कुठली बोट वेळेवर असते, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. हिंदी बहुतेकांना येते.

१०. बेटांवर पायी

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. कागदोपत्री ते, बोलण्यात अजून जुनंच.

पहिले दोन दिवस शहरातच राहा. अबर्डीन बाजाराच्या आसपास खोली घेतली तर सेल्युलर जेल, समुद्रकाठचा रस्ता आणि खानावळी पायी अंतरात येतात. शहर चढ-उताराचं आहे, एवढं ध्यानात ठेवा. जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. कोठड्यांच्या इमारती पाकळ्यांसारख्या, सातांपैकी तीन उभ्या आहेत. आपली माणसं सावरकरांच्या कोठडीकडे थेट धावतात, ती वरच्या मजल्यावर आहे. आधी खालचं संग्रहालय बघा, दम घ्या, मग चढा. सुटीचा वार कुठला ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

इथं सूर्य आपल्याकडच्यापेक्षा जवळपास तासभर आधी मावळतो. मार्चमध्ये साडेपाचला सूर्यास्त, सहाला अंधार. घड्याळ तेच, उजेड वेगळा. 'पाच तर वाजलेत' म्हणून चालायला निघाल तर परतताना अनोळखी रस्त्यावर अंधार पडलेला असेल. सकाळी साडेपाच ते नऊ ही चालायची खरी वेळ.

दुसरा घोळ उन्हाचा. ४४-४५ अंश पाहिलेल्या माणसाला ३१ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आपल्याकडे कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, आतली उष्णता निघत नाही आणि तहानही उशिरा लागते. तासाला दोन-तीन पेले पाणी, दिवसातून एकदा ओआरएस (हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरला विचारून), आणि नऊनंतर सावली.

पायी फिरायला माझ्या मते सगळ्यात चांगलं बेट शहीद द्वीप, जुनं नील. सपाट आणि लहान आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, भाजीपाल्याचे मळे. शेतकरी माणसाचा वेळ तिथं समुद्रापेक्षा बांधावर जास्त जातो. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच, लक्ष्मणपूर पायी जाण्यासारखं, सीतापूर दुसऱ्या टोकाला. लक्ष्मणपूरजवळ खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथं ओहोटीलाच जाता येतं. वाट शेवाळलेल्या, धारदार प्रवाळी खडकांतून जाते. ओहोटीची वेळ खोलीमालकाला विचारा, पाणी उतरत असतानाच जा आणि चढायला लागलं की लगेच परत फिरा. बूट पाण्यातही काढू नका. प्रवाळानं झालेली जखम चिघळते, मधुमेहींची तर फारच.

स्वराज द्वीप, जुनं हॅवलॉक, मोठं आहे. राधानगर किनारा धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर दूर, तिथं बसनं जा आणि वाळूत चाला.

बेटांमध्ये जायला फिनिक्स बे धक्क्यावरून सरकारी बोटी सुटतात. स्वराज द्वीपला अडीच तासांच्या आसपास लागतात. खासगी बोटी वेगवान, पण आतून बंद आणि वातानुकूलित, तिथं पोट लवकर ढवळतं. सरकारी बोटीत बाहेर हवेवर बसायला मिळतं. तिकिटं लवकर संपतात, म्हणून शहरात उतरल्याच्या दिवशीच खिडकीवर जा.

शंख, शिंपले, प्रवाळ उचलून पिशवीत टाकू नका. नातवाला न्यायचं म्हणून उचललेलं धक्क्यावर किंवा विमानतळावर तपासणीत निघतं आणि कायद्याचं प्रकरण होतं. मगरीचा फलक असलेल्या ठिकाणी पाण्यात पाऊलही टाकू नका. संध्याकाळी वाळूवरच्या बारीक माशा चावतात, पाय झाकून बसा.

११. एकटं असण्याची शिस्त

एकट्या माणसाला खरा धोका हा की तो परतला नाही तर कुणाच्या ध्यानात यायला वेळ लागतो. म्हणून रोज सकाळी खोलीमालकाला किंवा चहावाल्याला सांगून निघा: अमुक वाटेनं जातो, दहापर्यंत येतो. घरी रोज एकाच वेळी फोन. फोनमध्ये ११२ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे नंबर भरून ठेवा. जंगलातली पायवाट एकट्यानं धरू नका, तिथं सोबत शोधा.

बायांसाठी वेगळं सांगण्यासारखं थोडंच आहे. दुपारी उजेडात पोचेल अशी बोट धरा आणि खोलीची आतली कडी बघूनच पैसे द्या. गावातल्या चर्चेचं काय ते तुम्ही जाणता, ती परतल्यावरही चालूच राहते.

१२. परतताना

परतीचं जहाज ठरल्यावरच रेल्वे काढा, आणि जहाज पोचायच्या दिवसाची नव्हे तर दोन दिवसांनंतरची. जाताना समुद्र अजिबात मानवला नसेल तर हट्ट करू नका, चेन्नई-कोलकात्याला दोन-सव्वादोन तासांत विमान पोचतं. त्यासाठीचे पैसे सुरुवातीपासून बाजूला ठेवलेले बरे.

जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस पायाखालची जमीन डुलल्यासारखी वाटते, न्हाणीत डोळे मिटले की जास्तच. कानाला लाटांची सवय लागलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. तोपर्यंत मोटारसायकल चालवू नका, शिडीवर चढू नका, विहिरीच्या काठावर वाकू नका. आठवड्यानंतरही डुलणं थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा.